चोवीस स्वेटर

दसरा सरला की आमच्या पाथरीच्या बाजारपेठेस एक निराळीच कळा येते. वेचणीचा कापूस घराघरांतून निघून मानवतच्या बाजाराकडे जाऊ लागतो. जायकवाडीच्या कालव्यावरील ऊस कारखान्याची वाट धरतो. आणि वर्षभर उधारीच्या वहीखेरीज ज्यांस दुसरा आधार नव्हता, त्यांच्या हातांत चार दिवस का होईना, रोकड खेळू लागते. दिवाळीपासून नाताळापर्यंत आणि तेथून थेट संक्रांतीपर्यंत हा ओघ चालतो. कपडेवाले, भांडेवाले, सराफ, मिठाईवाले ह्या सर्वांस तो ठाऊक असतो. दुर्दैवाने आणखी एका वर्गासही तो तितकाच ठाऊक असतो. मात्र त्या वर्गाचे दुकान बाजारपेठेत कोठेही दिसत नाही.

सणासुदीच्या खरेदीत होणाऱ्या फसवणुकीविषयी वार्षिक अंकासाठी चार शब्द लिहावेत, अशी सूचना आम्हांस झाली, तेव्हा प्रथम ती टाळावी असेच मनात आले. ह्या विषयावर इतरांस शहाणपण शिकविण्याचा आमचा अधिकार शून्य आहे. जो काही आहे तो एवढाच, की आम्ही स्वतः फसलो आहो. आणि फसण्याहून वाईट असे एक कृत्य त्यानंतर आमच्या हातून घडले आहे. ते आधी सांगितल्यावाचून बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

आमचे आजोबा निजामी अमलातले. १९४८ पूर्वी पाथरी हैदराबाद संस्थानात होती आणि लोकांच्या व्यवहारात दोन रुपये येत: संस्थानचा हाली आणि इंग्रजी राज्यातला कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा त्यांचा भाव असे. दोन प्रकारचे नाणे म्हटले की हिशेबाचा घोळ आला, आणि घोळ आला की लबाडीस जागा झाली. म्हणून आजोबांनी पडवीत एक काळा दगड ठेवला होता. रुपया हाती आला की तो त्या दगडावर टाकावयाचा आणि नाद ऐकावयाचा. खणखणीत वाजला तर कनवटीस, बद्द वाजला तर ज्याचा त्यास परत. रुपये पुढे कागदाचे झाले, तरी तो दगड आमच्या लहानपणापर्यंत जागच्या जागी होता. आजोबा म्हणत, "रुपया वाजवून घ्यावा आणि माणूस बसवून घ्यावा. ज्याला बसायला सवड नाही, त्याचं नाणं घेऊ नये." ह्यातील पहिली अर्धी गोष्ट आम्हांस तेव्हाच समजली होती. दुसरी समजण्यास चाळिशी उलटावी लागली.

सन २०२३ च्या नाताळाची ही हकिगत. ऊसतोडीच्या हंगामात गावाबाहेर कामगारांच्या कोपी पडतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आईबाप पहाटेच कोयते घेऊन फडात गेल्यावर मागे राहिलेली लहान मुले उघड्या अंगाने शेकोटीभोवती बसलेली आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शाळेस येताना पाहिली होती. त्या मुलांस नाताळात एकेक स्वेटर द्यावा, ही कल्पना विद्यार्थ्यांचीच. आम्ही तिला केवळ होकार दिला. मुले मोजली, ती चोवीस भरली. पाच आठवडे वर्गणी चालली. कोणी खाऊचे पैसे दिले, कोणी घरची रद्दी विकली, एका मुलीने भाऊबिजेची ओवाळणी जशीच्या तशी आणून टेबलावर ठेवली. सर्व मिळून ७,२०० रुपये जमले. ते आमच्या स्वाधीन करण्यात आले आणि खरेदीचे कामही आमच्याकडेच आले.

गावातील दुकानांत बऱ्यापैकी स्वेटर पाचशेच्या खाली मिळेना. म्हणजे चौदा मुलांचे भागावे आणि दहांनी त्यांच्याकडे पाहात उभे राहावे, असा प्रसंग. ह्या विवंचनेत असता ९ डिसेंबरच्या शनिवारी रात्री मोबाईलवर एक जाहिरात आमच्या दृष्टीस पडली. एका नामांकित कंपनीचे चिन्ह, तोच रंग, तशीच अक्षरे. खाली लहान मुलांच्या स्वेटरांची सुरेख चित्रे. आणि भाव २९९ रुपये. आम्ही कागदावर गुणाकार केला. चोवीस नगांचे ७,१७६ झाले. उरलेल्या चोवीस रुपयांत वरून गुंडाळावयाचा रंगीत कागदही येईल, एवढ्यापर्यंत आमची मजल गेली.

त्या पानाच्या माथ्यावर एक घड्याळ उलट्या दिशेने चालत होते. दहा मिनिटांनी हा भाव संपणार, असे ते सांगत होते. मालाच्या चित्राखाली 'केवळ २७ नग शिल्लक' असे लाल अक्षरांत होते, आणि आम्ही पाहात असतानाच त्याचे २६ झाले, मग २५. आम्हांस २४ हवे होते. आमची छाती धडधडू लागली. घरातील सर्व मंडळी निजली होती. पत्नीस उठवून विचारावे असे क्षणभर वाटले, पण तिला उठवून, समजावून सांगेपर्यंत कोणी दोन नग उचलले तर? माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय त्या पानावर होती, परंतु ती 'आजपुरती बंद' होती. आम्ही यूपीआयने पैसे पाठविण्यास निघालो, तेव्हा घेणाऱ्याच्या जागी कंपनीचे नाव न येता कोणा एका इसमाचे नाव आले. ते आम्ही वाचले. स्पष्ट वाचले. तरीही बोट पुढे गेले.

सोमवारी आम्ही मोठ्या ऐटीत वर्गात तो प्रकार सांगितला. इतकेच नव्हे, तर ते पान उघडून पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सर्वांस दाखविले. शिक्षकाने व्यवहारात चातुर्य दाखविल्याचे प्रसंग थोडे, म्हणून मुलांनी टाळ्याही वाजविल्या.

मंगळवारी दुपारी एक दूरध्वनी आला. बोलणारा मोठा अदबशीर. आपण कुरिअरच्या कचेरीतून बोलत आहोत, पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकले आहे, पत्ता दुरुस्तीचे पाच रुपये भरावेत, दुवा पाठवीत आहोत, असे तो म्हणाला. आज भरले नाहीत तर पार्सल परत जाईल, हेही त्याने सांगितले. पाच रुपयांकरिता कोण संशय घेतो? आम्ही तो दुवा उघडला. त्याने कसलीशी फाईल मोबाईलवर उतरवून घेण्यास सांगितले, ती घेतली. विचारलेल्या परवानग्या दिल्या. ही फाईल म्हणजे घरात शिरलेला हेर होता, हे आम्हांस मागाहून कळले. बँकेकडून येणारा ओटीपी आमच्या आधी ती वाचीत होती. सायंकाळी आमच्या पगाराच्या खात्यातून दोन हप्त्यांत १९,००० रुपये गेलेले दिसले. तेव्हा कोठे शनिवारच्या पानाचीही शंका आली. ते पान उघडून पाहिले, तर अजूनही घड्याळ चालूच होते. दहा मिनिटे संपली की ते पुन्हा दहापासून सुरू होई. शिल्लक नग पुन्हा २७.

येथपर्यंतची गोष्ट कोणाच्याही बाबतीत घडावी अशी आहे. पुढील गोष्ट मात्र सर्वस्वी आमची.

बुधवारी, १३ तारखेस, वर्गात पाऊल ठेवताच एका मुलीने विचारले, "सर, स्वेटर निघाले का?" आम्ही म्हणालो, "हो, निघालेत."

ह्या दोन शब्दांचे समर्थन आम्ही स्वतःशी पुष्कळ केले. मुलांच्या वर्गणीचे पैसे आपण पदरचे घालू, भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊ, नाताळापूर्वी स्वेटर आणून देऊ. मग कोणास काय कळावयाचे? ज्याने इंग्रजी आणि नागरिकशास्त्र शिकवावे, जाहिरातींतील अतिशयोक्तीवर निबंध तपासावेत, तो गृहस्थ पाच रुपयांच्या बोलीवर फसला, हे गावभर होण्यात कोणाचा फायदा होता? तक्रार करावयाची तर ती ठाण्यात नोंदली जाणार, ठाण्यात नोंदली की चार लोकांच्या तोंडी जाणार. पत्नीसही आम्ही काही सांगितले नाही. रात्री झोप येत नसे. तिने विचारले तर सत्र परीक्षेचे पेपर पुढे करावे.

२० डिसेंबरच्या बुधवारी मधल्या सुट्टीत एक पालक आम्हांस भेटावयास आले. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाचे वडील. कोरडवाहू जमीन थोडी, कापूस नुकताच विकलेला. दारातच चपला काढून ते आत आले. कितीदा सांगितले तरी शाळेत ते चपला घालून येत नाहीत.

"सर, तुमचे स्वेटर आले का हो?"

"अजून नाही आले."

"मग आमची मशीनबी येईल म्हणायची मागंपुढं. मी उगं घोर केला."

"कसली मशीन?"

"शिलाई मशीन. थोरलीसाठी. तुमच्याच दुकानातून मागवली की. पोरगं म्हणलं, सरांनी तिथूनच घेतलंय."

मशीन ४,४९९ रुपयांची होती. पैसे पाठविले ते १४ तारखेच्या गुरुवारी. म्हणजे आम्ही वर्गात 'निघालेत' म्हणालो, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

त्या गृहस्थांस आम्ही कसे सांगितले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. ते रागावले असते तर आम्हांस बरे वाटले असते. ते काही वेळ भिंतीवरील नकाशाकडे पाहात राहिले आणि मग म्हणाले, "तुमचंबी गेलं का सर?"

त्याच दिवशी आम्ही दोघे मिळून १९३० ह्या क्रमांकावर बोललो आणि सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर दोन तक्रारी नोंदविल्या. हा क्रमांक आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. असावयास हवा होता, असे आमचे मत आहे. त्याचे कार्य कसे चालते, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. पैसे आपल्या खात्यातून निघाले म्हणजे ते लगेच चोराच्या खिशात पडतात, असे नव्हे. ते प्रथम कोणा भाडोत्री माणसाच्या खात्यात जातात, तेथून दुसऱ्या, तेथून तिसऱ्या, आणि शेवटी कोठेतरी रोख होऊन बाहेर पडतात. १९३० वर तक्रार झाली की ती त्या त्या बँकेकडे धाडली जाते, आणि पैसा ज्या खात्यात त्या वेळी असेल तेथे तो रोखून धरता येतो. ही धावण्याची शर्यत आहे. पाण्याचा पाट फुटला असता शेतकरी पुढे धावून बांध घालतो, तशातला प्रकार. बांध घालावयाचा तो पाणी ओढ्यास मिळण्यापूर्वी. आमचे पाणी आठ दिवसांपूर्वीच ओढ्यास मिळाले होते. पलीकडून बोलणाऱ्या मनुष्याने शांतपणे विचारले, "इतके दिवस का थांबलात?" आम्हांस उत्तर सुचले नाही. आमचे पैसे परत आले नाहीत. त्या पालकांचेही आले नाहीत.

त्या रात्री घरी सर्व सांगितले. पत्नी बोलली थोडे. जे बोलली ते रास्त होते. आई कोपऱ्यातील बाजेवर ऐकत पडली होती. दिवे मालविल्यावर अंधारातून तिचा आवाज आला, "बोरमाळ पडली नव्हती रे."

आमच्या लहानपणी, आम्ही सातआठ वर्षांचे असता, नाताळाचे कपडे घेण्यास आईबरोबर परभणीस गेलो होतो. परतल्यावर तिच्या गळ्यात बोरमाळ नव्हती. मोटारीच्या गर्दीत तुटून पडली, असे तिने वडिलांस सांगितले होते, आणि वडिलांनी ती गोष्ट मरेपर्यंत खरी मानली. आता तिने सांगितले की, बाजारात सफारी घातलेल्या एका मनुष्याने तिला थांबविले, आपण पोलीस असल्याचे सांगितले. पुढच्या गल्लीत बाईमाणसास मारून दागिने लुटले आहेत, साहेब तपासणी करीत आहेत, गळ्यातले काढून पुडीत बांधा, असा त्याने दम दिला. पुडी त्यानेच बांधून दिली. आम्ही तेव्हा फुगेवाल्याकडे पाहात उभे होतो म्हणे. घरी येऊन सोडली तो आत खडे. "तुझ्या बापाला काय सांगायचं होतं? मीच माझ्या हातानं काढून दिली म्हणून?" पस्तीस वर्षे ती पुडी तिने मनात बांधून ठेवली होती. हीच युक्ती अजूनही ठिकठिकाणी चालते; वर्तमानपत्रांत अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. आणि आजोबांचा दगड त्या वेळी पडवीतच होता, ह्याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

२२ तारखेस, नाताळच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी, आम्ही फळ्यावर तीन आकडे लिहिले: ७,१७६, १९,००० आणि ४,४९९. तिसऱ्या आकड्याचे नाव सांगितले नाही. पहिले दोन आमचे म्हणून सांगितले, आणि १३ तारखेस काय बोललो तेही सांगितले. वर्ग चिडीचूप झाला. एक मुलगा हसला, तो शेजाऱ्याच्या कोपराने गप्प झाला. मग आम्ही सहज विचारले, कोणाच्या घरी असे काही झाले आहे काय? प्रथम एक हात वर आला, मग तीन. शेवटी अकरा हात वर होते. ह्या अकरापैकी नऊ घरांनी कोठेही तक्रार केली नव्हती.

एकाच्या काकाने जुनी दुचाकी विकावयास काढली होती. घेणाऱ्याने, आपण सैन्यात आहो, येण्यास सवड नाही, असे सांगून पैसे पाठविण्याकरिता म्हणून क्यूआर कोड धाडला. काकाने तो टिपून पिन घातला आणि आपलेच पैसे गमावले. पैसे घेण्याकरिता पिन कधीच लागत नाही, तो केवळ देण्याकरिता लागतो. एवढी एक गोष्ट घरोघरी माहीत झाली तरी पुष्कळांचे पुष्कळ वाचेल. अनोळखी माणसाने पैशांची 'मागणी' पाठवावी आणि आपण ती 'जमा' समजून मान्य करावी, हाही प्रकार फार चालत असे. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीव्यक्तींमधील अशा मागणीची सोयच बंद करण्यात आली, हे उत्तम झाले. दुसऱ्या एकीच्या आत्याला दिवाळीच्या सोडतीत मोटार लागली होती. मोटारीचा कर तेवढा आधी भरावयाचा होता. तिसऱ्याच्या घरी लग्नपत्रिका म्हणून फाईल आली, ती आमच्या कुरिअरच्या फाईलीची सख्खी बहीण. ह्या साऱ्या गोष्टी मुले सांगत होती आणि आमच्या लक्षात येत होते की, वेष प्रत्येकाचा वेगळा आहे, पण बसावयास सवड मात्र एकासही नाही. कोणाचे पार्सल परत जात होते, कोणाची पलटण हलत होती, कोणाची सोडत रद्द होत होती.

ह्या खोट्या घाईस आता सरकारदरबारीही नाव मिळाले आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, म्हणजे आमच्या त्या शनिवारच्या अवघे नऊ दिवस आधी, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोबाईलवरील दुकानांच्या तेरा कपटी रीतींची सूची प्रसिद्ध करून त्यांस मनाई केली. त्या सूचीत पहिलाच मान खोट्या घाईचा आहे: माल संपत आला नसता संपत आला असे भासविणे, वेळ उरली नाही असे दाखवून गिऱ्हाइकास विचार करू न देणे. म्हणजे ही खोड केवळ चोरांस आहे असे नव्हे. नावाजलेली दुकानेही तिच्यापासून अगदी अलिप्त नव्हती, म्हणूनच नियम करावा लागला. सावाच्या दुकानातही तेच घड्याळ टांगलेले असेल, तर चोराचे घड्याळ गिऱ्हाइकाने ओळखावे कसे? ह्या प्रश्नाचे उत्तर मोठमोठ्या व्यापाऱ्यांनी द्यावयाचे आहे. अशा दुकानांविरुद्ध ग्राहकास १९१५ ह्या क्रमांकावर गाऱ्हाणे मांडता येते.

येथे कोणी म्हणेल, मोबाईलवर खरेदीच करू नये, ओळखीच्या दुकानात जावे, म्हणजे झाले. आम्हीही काही दिवस असेच म्हणत होतो. परंतु दारात पाटी आणि आत गादी असली म्हणजे निश्चिंत व्हावे, असेही नाही. ठाणे-डोंबिवलीकडील गुडविन ज्वेलर्सची चमकती दुकाने डोळ्यांस दिसत होती. दर महिन्यास हप्ता भरावा आणि मुदत भरली की सोने न्यावे, अशा योजनेत कित्येक मध्यम स्थितीच्या कुटुंबांनी पैसे घातले होते. २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, त्या दुकानांस कुलपे लागली. धनत्रयोदशीस ज्यांनी सोने आणावयाचे, त्यांच्यावर पोलीस ठाण्यात रांग लावण्याची पाळी आली. मालकांस त्याच वर्षीच्या डिसेंबरात अटक झाली. मुंबईत दादरला टोरेस ह्या नावाचे असेच झगझगीत दुकान २०२४ साली उघडले. तेथे हिऱ्यासारखे दिसणारे मॉयसनाइटचे खडे घ्यावयाचे आणि त्यावर आठवड्यास परतावा मिळवावयाचा, अशी योजना होती; २०२५ च्या जानेवारीत नववर्षाचा पहिला आठवडा सरतो न सरतो तोच दुकानासमोर गुंतवणूकदारांची गर्दी जमली. आठवड्यास व्याज कोणता धंदा देऊ शकेल, हा त्रैराशिकाचा प्रश्न आमच्या सातवीच्या मुलांस घातला, तर ती तो दहा मिनिटांत सोडवितील. पण दुकानात उभे असता तो कोणास सुचत नाही. शेजारच्याने घेतलेले असते, आणि त्यास पहिले दोन हप्ते मिळालेलेही असतात.

शेजारच्याने घेतले, म्हणून आपण घेतले. 'सरांनी तिथूनच घेतलंय.' टोरेसची बातमी वाचताना आमच्या कानांत हेच वाक्य घुमत होते.

स्वेटरांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. गावातील एका दुकानदारांस आम्ही सर्व हकिगत सांगितली. त्यांनी चोवीस स्वेटर ४५० रुपयांप्रमाणे दिले आणि १०,८०० रुपये आम्ही चार हप्त्यांत फेडावे असे ठरले. गोण्या सोडून माल दाखविण्यात त्यांची दुपार गेली. प्रत्येक स्वेटर उलटा करून शिवण पाहावयास लावीत, एक काखेत उसवलेला निघाला तो त्यांनी स्वतःच बाजूस काढला. वाटप नाताळास झाले नाही, नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी झाले. मापे अंदाजानेच घेतलेली. एका चिमुरडीचा स्वेटर तिच्या गुडघ्यांखाली आला, आणि बदलून देऊ म्हटले तर ती तो अंगातून काढू देईना.

पुढील वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईच्या खात्यातून ८,००० रुपये गेले. मुलीने वीस मिनिटांच्या आत १९३० लावला. आधी आजोबांस विचारू, बाबा घरी आल्यावर पाहू, असे आई म्हणत होती. मुलीने ऐकले नाही. रक्कम एका खात्यात रोखली गेली आणि काही आठवड्यांनी परत मिळाली. ती मुलगी त्या अकरा हातांपैकी एक होती.

शिलाई मशीनचे अर्धे पैसे घ्यावेत, असे आम्ही त्या पालकांस दोनतीनदा म्हणालो. त्यांनी घेतले नाहीत. गेल्या वर्षी कापूस विकल्यावर ते एका सायंकाळी घरी आले आणि म्हणाले, "पैसे नकोत सर, एक दिवस द्या. थोरलीचं लग्न ठरलंय. झुमके घ्यायचेत. संगं चला."

सराफाने झुमके पुढे ठेवले, चहा मागविला. झुमक्यांवर हॉलमार्कच्या खुणेशेजारी सहा चिन्हांचा एक बारीक क्रमांक कोरलेला होता. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर तो असावा लागतो, आणि प्रत्येक नगाचा क्रमांक स्वतंत्र असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ह्या ॲपमध्ये तो घातला की दागिना कोणत्या केंद्रात तपासला, सोने किती शुद्धतेचे, हे समोर येते. आम्ही मोबाईल काढला, तो त्यांनी आमचा हात अडविला. स्वतःचा फोन काढला, चष्मा नाकावर घेतला, सराफाकडून भिंग मागून घेतले आणि एकेक अक्षर मोठ्याने उच्चारीत ते घालू लागले. तिसऱ्या अक्षराशी चुकले. सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुकानात गर्दी वाढत होती, सराफ म्हणाला, "काका, चहा थंड होतोय."

"होऊ द्या," ते म्हणाले, आणि भिंग पुन्हा झुमक्यावर धरले.